धागा तुटलेला नसतो, तरी माग थांबतो

सोलापुरात अशोक चौकाच्या अलीकडे माझं मेडिकल आहे. सकाळी शटर वर गेलं की पहिल्या तासात तीन प्रकारच्या गोळ्या हमखास खपतात: बीपीच्या, शुगरच्या आणि पित्ताच्या. यातल्या पित्ताच्या गोळ्यांबद्दल मला बोलायचंय, कारण त्या नेणाऱ्या बऱ्याच जणांचं दुखणं पित्ताचं नसतं, असं मला हल्ली वाटायला लागलंय.

माणूस काउंटरवर येतो, आजूबाजूला बघतो, आवाज खाली घेतो. "छातीत कसंतरी होऊलालंय ओ. गॅस असंल. द्या की कायतरी." ईसीजी काढला का, म्हणून विचारावं तर काढलेला असतो. दोनदा. नॉर्मल. सोनोग्राफी, तीही नॉर्मल. आणि झोप? इथं माणूस जरा थांबतो. "झोपेचं काय विचारताव. तीनला जाग येतीय, मग काय नाय."

तीनला जाग आल्यावर डोक्यात काय चालतं, हे मात्र त्याला आजवर कोणी विचारलेलं नसतं.

आमच्या भागातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती-सेटिंग बघणारे, असलेले एक गृहस्थ माझे जुने गिऱ्हाईक. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांना विचारूनच लिहितोय, आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. मामांचा मुलगा पुण्यात नोकरीला. सोलापुरातल्या निम्म्या घरांची हीच कथा. तो महिन्या-दोन महिन्यांनी शनिवारी बाइकवरून गावी येतो. अंतर अडीचशे किलोमीटर. तो निघाला की मामांचा फोन सुरू. भिगवणला एक, इंदापूरला एक, टेंभुर्णीला एक, मोहोळला एक. आणि एखादा फोन उचलला गेला नाही, तर मधल्या दहा मिनिटांत मामांच्या डोळ्यांपुढे ट्रक, रक्त, सिव्हिल, सगळं येऊन जायचं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते अगदी शब्दशः.

मुलगा सुखरूप पोचायचा. पण काळजी थांबायची नाही, ती नुसती जागा बदलायची. घराचं कर्ज. बायकोचा खोकला. मालकानं माग भंगारात काढले तर? साध्या मागाचा धोटा जसा या टोकाहून त्या टोकाला आणि परत, तसं मन. फरक एवढाच की मागावर काहीतरी कापड तरी निघतं.

आपल्या भाषेत एक सोय आहे, ती आपण फारशी वापरत नाही. आपल्याकडे काळजी 'घेतात' आणि काळजी 'करतात'. शब्द एक, क्रियापद निराळं, आणि काम तर अगदीच निराळं. सोलापूरकराला हे पाण्यावरून लगेच कळेल. कैक वर्षं आपण तीन-चार, कधी पाच दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्यावर संसार केलेत. टाकी घासून ठेवणं, पाइप जोडून ठेवणं, मोटर चालते ना ते आदल्या दिवशी बघणं ही काळजी घेणं झालं. रात्री एकला, दोनला, तीनला उठून कोरड्या नळाची तोटी फिरवून बघणं आणि पुढच्या उन्हाळ्यात उजनी धरणात पाणी उरेल का याचा अंथरुणात पडून हिशेब मांडणं, ही झाली काळजी करणं. पहिलीला शेवट असतो, दुसरीला नसतो. थेरपी, म्हणजे बोलून केलेला मानसोपचार, या दुसरीवर काम करते. पहिली ती काढून घेत नाही. बरेच जण तिथं जायला घाबरतात ते याचमुळे. आपण बेफिकीर होऊ, आपल्या माणसांवरची माया कमी होईल, असं त्यांना वाटतं.

हा आजार कधी म्हणायचा

काळजी कोणाला नसते? पण जवळजवळ रोज, सहा महिन्यांहून जास्त काळ, एक सोडून दहा विषयांवर काळजी चालू आहे, ठरवूनही थांबवता येत नाही, आणि सोबत अस्वस्थपणा, थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं, मानखांदे आखडणं, झोप मोडणं यांतलं बरंच काही आहे, तर डॉक्टर त्याला सर्वसाधारण चिंताविकार म्हणतात. हे नाव १९८० साली अमेरिकी मनोविकारांच्या वर्गीकरणात आलं. त्याआधीही माणसं अशीच तीनला जागी होत असणार. दवाखान्यात कधीकधी सात प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली भरून घेतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २१. दहा किंवा त्याहून जास्त आले तर नीट तपासणी करावी, असा साधारण संकेत आहे. या गुणांवरून निदान होत नाही, फक्त पुढं तपासायचं की नाही ते ठरतं.

मानसिक म्हणण्याआधी शरीराकडे बघून घ्यावं, हेही दुकानदार म्हणून सांगतो. थायरॉइड जास्त काम करत असेल, तर धडधड, घाम, हातांची थरथर हे सगळं तसंच होतं. रक्त कमी असलं तरी धडधडतं. आणि दिवसाला आठ कप चहा पिणाऱ्यानं झोपेची तक्रार करण्याआधी कप मोजावेत.

पण तपासण्या स्वच्छ आल्या म्हणजे "तुम्हाला काही झालेलं नाही" असं होत नाही. मामांना एका दवाखान्यात अगदी हेच सांगून वर "टेन्शन घेऊ नका" म्हणून बोळवण केली होती. टेन्शन घेऊ नका हे सगळ्यात जास्त दिलं जाणारं आणि सगळ्यात कमी लागू पडणारं औषध आहे. छातीत खरंच धडधडत असतं, पोटात खरंच गोळा आलेला असतो. धोका दिसला की मेंदू शरीराला पळायला किंवा लढायला तयार करतो, त्यासाठी ॲड्रेनलिन सुटतं, काळीज जोरात चालतं, रक्त स्नायूंकडे वळतं, पचन बाजूला पडतं. समोर वाघ असेल तर हे सगळं सोन्यासारखं. समोर फक्त न उचललेला फोन असला तरी शरीर तेवढंच करतं, कारण मनातल्या ट्रकमध्ये आणि रस्त्यावरच्या ट्रकमध्ये ते फारसा फरक करत नाही.

जॉबरनं सांगितलेली गोष्ट

यावर मामांनीच मला एक उपमा दिली. पुस्तकांत वाचलेल्या सगळ्यांपेक्षा मला ती पटली. मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबवणारी यंत्रणा असते. ती नसेल तर खराब कापड मीटरच्या मीटर निघत राहील. पण कधीकधी ती इतकी हळवी होते की धागा शाबूत असताना माग थांबतो. खट्. चालू करा. खट्. कामगार वैतागून ती यंत्रणा बांधून टाकायला निघतो. "मग जॉबर काय करतो?" मामा म्हणाले. "काढत नाही. सेटिंग करतो."

हे सेटिंग बिघडतं कसं आणि बिघडलेलंच का राहतं?

एक म्हणजे काळजी करणं कामासारखं वाटतं. आपण गप्प बसलेलो नाही, मुलासाठी काहीतरी करतोय, असा भास होतो. आणि मुलगा सुखरूप पोचला की मन त्याचं श्रेय काळजीला देतं. दाराला लिंबू-मिरची टांगली म्हणून चोरी झाली नाही, त्यातलाच हा प्रकार. टांगली नसती तर काय झालं असतं हे कधी तपासलंच जात नाही.

दुसरं, फोन. मुलानं फोन उचलला की मामांना हायसं वाटायचं. त्या हायसं वाटण्यातच खरी मेख आहे. मेंदू त्यातून शिकतो की भीती वाटली, फोन केला, सुटका झाली, तेव्हा पुढच्या वेळी अजून लवकर फोन कर. म्हणून खात्री करून घेण्याची भूक कधी भागत नाही. इंटरनेटवर लक्षणं शोधणं, चारदा कुलूप ओढून बघणं, डॉक्टर बदलत राहणं, ही सगळी त्याच भुकेची रूपं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मिशेल द्युगा यांनी या विकारावर बरंच काम केलंय. त्यांचं म्हणणं असं की याच्या मुळाशी अनिश्चितता सहन न होणं असतं. वाईट बातमी एकवेळ पचते, पण 'माहीत नाही' हे पचत नाही.

तिसरं, दाबून टाकण्याचा प्रयत्न. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. नंतर विचार करायची मोकळीक दिली, तर आधी दाबून ठेवणाऱ्यांच्या डोक्यात अस्वल इतरांपेक्षा जास्त आलं. 'विचारच करू नको' हा घरोघरी मिळणारा सल्ला का फसतो, ते इथं दिसतं.

त्या खोलीत नेमकं होतं काय

मामा थेरपीला जायला तयार नव्हते. "मी काय येडा आहे का?" हे झालंच. मग "बोलून काय होणार, बोलायला तुम्ही आहात की." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण मी त्यांचं ऐकून घ्यायचो आणि शेवटी म्हणायचो, काही होत नाही मामा, पोचेल तो. म्हणजे मीही एक फोनच झालो होतो, दोन मिनिटांची सुटका देणारा.

शेवटी मामा गेले. थेरपीतली बाई (ती मानसशास्त्रज्ञ, वयानं मामांच्या मुलीएवढी) असं काही म्हणाली नाही. तिनं पहिल्या दिवशी एक वही करायला सांगितली. मामांनी कारखान्यातल्या प्रॉडक्शनच्या वहीची कोरी पानं घेतली. ती मी पाहिलीत. आडव्या निळ्या रेघा, डावीकडे छापलेलं 'माग नं.' खोडून तिथं पेनानं 'वेळ' लिहिलेलं. पुढचा रकाना, मनात काय आलं. त्यापुढे, भीती दहापैकी किती. शेवटचा, पुढे काय झालं. शेवटच्या रकान्यात पहिल्या ओळीत 'काही नाही' आणि मग पानाच्या तळापर्यंत नुसती 'वरीलप्रमाणे'ची दोन-दोन टिंबं.

अशा नोंदींचा एक अभ्यास अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातून २०२० साली प्रसिद्ध झाला. चिंताविकार असलेल्या २९ जणांनी आपल्या काळज्या लिहून ठेवल्या आणि महिनाभर त्यांचं काय झालं ते तपासलं. सुमारे ९१ टक्के खऱ्या झाल्या नाहीत. अभ्यास लहान आहे, पण मामांच्या वहीशी जुळतो.

तरी माझ्या मते त्या वहीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे ती खरी झालेल्या काळजीची. एका शनिवारी मुलगा मोहोळच्या अलीकडे पंक्चर झाला. रात्र झालेली, दुकानं बंद, फोनची बॅटरी संपलेली. दोन तास उशीर. बाईनं तेवढ्या एकाच ओळीवर अख्खं सेशन घालवलं. मग काय केलंत? मेव्हण्याला फोन केला. मग? तो टेम्पो घेऊन गेला. मग? गाडी टेम्पोत टाकून आले, साडेअकराला जेवले. म्हणजे तुम्ही निभावलंत. चिंतेत माणूस दोन चुका एकदम करतो. वाईट घडण्याची शक्यता तो वाढवून धरतो, आणि घडलंच तर आपण निभावू ही शक्यता कमी करून. पहिल्या चुकीबद्दल सगळे बोलतात, दुसरीबद्दल कोणी बोलत नाही.

या पद्धतीला विचार-वर्तन उपचार म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांनी सीबीटी. मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात फिलाडेल्फियात ती उभी केली, आधी नैराश्यासाठी. त्याच्या थोडं आधी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत आली होती. ती मराठीत बऱ्यापैकी रुजली आहे. दोन्हींचं सार असं की घटना आणि भावना यांच्यामध्ये एक विचार असतो. तो इतक्या झटकन येऊन जातो की आपल्याला दिसत नाही. तो पकडायचा, कागदावर ठेवायचा आणि पुराव्याला लावायचा. याचा 'सकारात्मक विचार करा' या भिंतीवरच्या पोस्टरशी संबंध नाही. "फोन उचलला नाही, म्हणजे अपघात" याच्या जागी "सगळं छानच आहे" असं म्हणायचं नसतं. "गाडी चालवताना फोन उचलत नाहीत, आणि उचलू नये" असं म्हणायचं असतं. हे तर जास्त खरंही आहे.

विचार सुधारला तरी हात फोनकडे जातोच, म्हणून वर्तनावर वेगळं काम. चार फोनांचे दोन. मग एक. मग एकही नाही, फक्त पोचल्यावर मुलाचा मेसेज. एकही फोन नाही ही पहिली रात्र कशी गेली, तेही वहीत आहे. ८.१० ला भीती ९. ८.३० लाही ९. ८.५० ला ७. ९.१५ ला ५, आणि पुढे 'भाकरी खाल्ली' असं लिहिलंय, त्याची तिथं काही गरज नव्हती. भीती चढत चढत आभाळाला लागणार असं वाटतं, पण तिला हात न लावता बसून राहिलं की ती बहुधा स्वतःच उतरते. हे ऐकून पटत नाही. पाच-सहा वेळा अंगावरून जाऊ द्यावं लागतं. आणि एखाद्या रात्री ती लवकर उतरली नाही, तरी ती घेऊन बसता येतं, हेही त्यात शिकायला मिळतं.

मला सगळ्यात गमतीची वाटलेली गोष्ट म्हणजे काळजीची वेळ ठरवणं. पेनसिल्व्हेनियातलेच टॉम बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात ही युक्ती पुढे आणली. रोज एक ठरलेली वेळ, एक ठरलेली जागा, वीस-तीस मिनिटं. दिवसभरात काळजी आली की हाकलायची नाही (अस्वल आठवा), चिठ्ठीवर दोन शब्द लिहायचे आणि म्हणायचं, साडेसहाला बघू. साडेसहाला मामा गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत चिठ्ठ्या घेऊन बसायचे. यातलं काही आज करता येण्यासारखं आहे का? असेल तर ते ठरवायचं: बँकेत जाऊन हप्त्याचं विचारायचं, बायकोचा खोकला दाखवायचा. नसेल तर ती जर-तरची काळजी. तिच्याजवळ थोडं बसायचं आणि उठायचं. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटं पुरली नाहीत. नंतर नंतर, मामा म्हणाले, दहा मिनिटांनी काय करायचं सुचेना.

याखेरीज अंग सैल सोडण्याचे व्यायाम असतात. एकेक स्नायू आवळून मग सोडायचा, ही एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरची जुनी पद्धत. शांत श्वास. उपयोग होतो, योगासनं करणाऱ्यांना नवीनही नाही. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी जाऊन बसल्यावर बरं वाटतं, मलाही वाटतं. पण नुसत्या बरं वाटण्यानं सेटिंग बदलत नाही. त्यासाठी घाबरवणाऱ्या गोष्टीसमोर थांबण्याचा सराव लागतो, आणि सोबत कोणी माहीतगार असलेला बरा.

साधारण बारा ते पंधरा सेशन, आठवड्याला एक, प्रत्येकी तासभर, असा हिशेब धरतात. मधले सहा दिवस घरचा अभ्यास. तो न करणाऱ्याला फरक कमी पडतो.

गोळ्यांबद्दल न बोलून कसं चालेल, माझं तर ते पोट आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्या अर्ध्या-एक तासात हायसं करतात, आणि म्हणूनच त्यांची सवय लागते. तात्पुरत्या वापरासाठी त्या डॉक्टर देतात, ते ठीक. पण जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने मागणारी माणसं मी पाहतो, आणि परत पाठवतो. त्याची नोंद वेगळ्या रजिस्टरात ठेवावी लागते, ते उगीच नाही. बरेच महिने घेत असाल तर एका दिवसात बंदही करू नका, त्यानं त्रास उलटतो. डॉक्टर हळूहळू कमी करून देतात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन हा वेगळा गट. यांची तशी तलफ लागत नाही, पण गुण यायला काही आठवडे जातात. लोक आठव्या दिवशी येऊन म्हणतात, काही फरक नाही, आणि सोडून देतात. त्याही मनानं सोडायच्या नसतात. त्रास खूप असेल तर गोळी आणि थेरपी दोन्ही चालतात. त्यात कमीपणा कसला?

कोणाकडे जायचं यात गोंधळ होतो. औषध लिहून देणारे ते मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत, थेरपी करतात, आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ती विचारायला लाजू नये. समुपदेशक या पाटीखाली मात्र सगळ्या प्रकारचं शिक्षण असलेली माणसं बसतात, तेव्हा चौकशी करूनच जावं. फी परवडत नसेल तर आपल्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. फोनवर बोलायचं तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, क्रमांक १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. फुकट, चोवीस तास, मराठीतही. जगणं नकोसं वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर सेशनची तारीख बघत बसू नये, त्याच दिवशी फोन करावा किंवा सिव्हिल गाठावं, घरातल्या कोणाला तरी बरोबर घेऊन. आमच्या पूर्व भागात अनेकांना मनातलं तेलुगूतच बोलता येतं. तसं बोलणारं कोणी आहे का, हे आधीच विचारावं. आपल्याला ज्या भाषेत भीती वाटते, त्याच भाषेत ती नीट सांगता येते.

सगळ्यांना सारखा गुण येत नाही. काहींना पहिला माणूस जुळत नाही, दुसरा शोधावा लागतो. आणि थेरपीनं कर्ज फिटत नाही. यंत्रमागाचा धंदा मंदावलाय ही मामांची काळजी खोटी नव्हतीच. बाईनंही ती खोटी म्हटली नाही. ती बसली त्यांच्याबरोबर, आणि दोघांनी मिळून कागदावर लिहिलं की माग बंद पडले तर पहिल्या तीन महिन्यांत काय काय करायचं. तो कागद अजून त्यांच्या पाकिटात आहे.

परवा शनिवारी मामा दुकानात आले, रात्री साडेआठच्या सुमारास. बायकोसाठी खोकल्याचं औषध हवं होतं. "पोरगा निघालाय पुण्याहून," म्हणाले.

"कुठवर आला?"

"काय माहीत." खिशातल्या फोनवर त्यांचा हात गेला. जरा वेळ तिथंच राहिला. मग त्याच हातानं त्यांनी सुटे पैसे काढले, आणि ते मोजताना दोनदा चुकले.